चूक तुमची, हेलपाटे आमचे

श्री. / श्रीमती ………… यांस,

नावाची जागा मोकळी सोडली आहे. अकरा महिने शोधूनही तुमचं नाव मला मिळालं नाही. तुम्ही बसता ती खोली मी पाहिली आहे. तिथला संगणक आणि त्याच्या कडेला चिकटवलेली पासवर्डची पिवळी चिठ्ठीही पाहिली आहे. माणूस तेवढा सापडला नाही. म्हणून पत्र उघडं लिहितोय.

तुम्ही काय केलंत ते आधी सांगतो, कारण तुम्हाला ते आठवत नसणार. बी.एस्सी. द्वितीय वर्ष, तिसरं सत्र, दोन क्रेडिटचा कौशल्याचा पेपर, विषय माती परीक्षण. अंतर्गत गुणांचा हाताने लिहिलेला तक्ता तुमच्यासमोर होता. हजेरी क्रमांक ४६ पुढे शिक्षकांनी ‘अनु.’ लिहिलं होतं, म्हणजे अनुपस्थित. ४७ पुढे १९ गुण होते. तुम्ही संगणकात ४६ ला १९ भरलेत आणि ४७ ला ‘एबी’. डोळा एक ओळ सरकला. तेवढ्यात फोन आला असेल, कुणी चहा आणून ठेवला असेल. ओळ चुकते. मी लातूरला एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं, माझीही चुकली आहे. त्या सरकलेल्या ओळीसाठी हे पत्र नाही. ती सरकल्यानंतर जे झालं, त्यासाठी आहे.

४७ नंबर म्हणजे माझी भाची. अहमदपूर तालुक्यातलं गाव, घरची चार एकर जमीन, सोयाबीन आणि तूर. त्या घरात पदवीपर्यंत पोचलेलं हे पहिलंच लेकरू. ती शिकली ती आमच्या भागाबाहेर, वसतिगृहात राहून. तेव्हा नांदेडच्या विद्यापीठाचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, हे स्पष्ट सांगतो. तुमच्या कॉलेजचं आणि विद्यापीठाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिलं की बाकीचे ‘हे आपल्याकडचं नाही’ म्हणून पान उलटतात.

तिची त्या पेपरची वही आत्ता माझ्यासमोर आहे. शंभर पानी, कव्हरला वर्तमानपत्राचा कागद. दुसऱ्या पानावर तिने वडिलांच्या शेताचा नकाशा काढलाय आणि नमुने घेतलेल्या आठ जागांवर फुल्या मारल्यात. खाली पद्धत लिहिली आहे: वरचा काडीकचरा बाजूला करायचा, इंग्रजी ‘व्ही’सारखा खड्डा घ्यायचा, नांगराच्या खोलीपर्यंत, बाजूची माती खुरप्याने वरून खाली सारखी खरवडायची, सगळ्या जागांची माती घमेल्यात एकत्र करायची, चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेल्याचे पुन्हा चार, असं अर्धा किलो उरेपर्यंत. दिवाळीच्या सुट्टीत गावाकडून ती ही माती कापडी पिशवीत घालून एसटीने कॉलेजला घेऊन गेली. सामू ८.१ आला. काळ्या जमिनीला तो तसा येतोच. प्रत्येक पानाच्या खाली शिक्षकांची लाल शाईतली सही आणि तारीख. एकही तारीख चुकलेली नाही. ही मुलगी तुमच्या संगणकात गैरहजर आहे.

तिसऱ्या सत्राचा मेमो हातात आला तेव्हा तिने तो ‘एबी’ पाहिला आणि त्याच दिवशी कार्यालयात गेली. आमच्याकडे गुणपत्रिकेला मेमो म्हणतात, मीही तोच शब्द वापरतो. खिडकीतल्या माणसाने सांगितलं, “काही होत नाही, पुढच्या सत्रात दुरुस्त होऊन येतं.” तिने अर्ज दिला. आवक नंबर मागितला तर त्याची काही गरज नाही म्हणाले. चौथं सत्र गेलं, पाचवं गेलं. प्रत्येक वेळी तिने विचारलं, प्रत्येक वेळी अर्ज ‘वर पाठवलाय’. सहाव्या सत्रात ती सगळ्या विषयांत पास झाली आणि शेवटच्या मेमोवर दोन अक्षरं आली: आरआर. निकाल राखीव. कारण तिसऱ्या सत्रातले दोन क्रेडिट कमी.

दोन क्रेडिट म्हणजे काय, ते तुमच्या-माझ्यासाठी नाही, हे पत्र वाचणाऱ्या आईबापांसाठी सांगतो. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास, आणि प्रात्यक्षिकाचं असेल तर ३०. माझ्या भाचीने साठ तास हात मातीत घातले. तेवढे तास भरून मिळालेली वस्तू तुम्ही एका बोटाने पुसलीत, आणि ती परत मिळवायला तिला किती तास लागले याचा हिशेब कुठल्याही क्रेडिटच्या तक्त्यात बसत नाही.

हिशेब आमच्या दाजींनी ठेवला आहे. खिशातल्या छोट्या डायरीत, खताच्या आणि फवारणीच्या खर्चाच्या मागच्या पानांवर. अकरा हेलपाटे. ‘दि. ४, कॉलेज, साहेब रजेवर.’ ‘दि. १९, विद्यापीठ, कॉलेजचे पत्र पाहिजे.’ ‘दि. २६, कॉलेज, प्राचार्य मीटिंगला.’ ‘दि. २, विद्यापीठ, पत्र विहित नमुन्यात नाही.’ ‘हजेरीची साक्षांकित प्रत.’ ‘सर्व्हर बंद.’ ‘चलन पुन्हा भरा.’ बाईमाणसाला एसटीत २०२३ च्या मार्चपासून अर्धं तिकीट आहे, तेवढं वाचलं, दाजींचं पूर्ण. मुक्काम एकदा बसस्थानकावर, एकदा ओळखीच्या पोराच्या खोलीवर. शेवटच्या ओळीत बेरीज आहे, ४,२७० रुपये. त्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये जाहीर झाला होता आणि लातूरच्या बाजारात माल त्याच्या खाली जात होता. म्हणजे तुमच्या एका ओळीपायी दाजींचं एक क्विंटल सोयाबीन गेलं. पेरलेलं, खुरपलेलं, काढलेलं, मळलेलं.

आणि यात नांदेड धरलेलं नाही.

नांदेडला माती आणि पाणी तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत जागा निघाली होती. भाचीने अर्ज केला, बोलावणं आलं. पहाटेच्या गाडीने अहमदपूर, लोहा करत ती नांदेडला पोचली. मी लातूरहून आदल्या रात्रीच गेलो होतो. तिथल्या माणसांबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यांनी तिची वही पानापानाने पाहिली. विद्युत वाहकता जास्त आली तर शेतकऱ्याला काय सांगशील, असं विचारलं. ती न अडखळता बोलली: निचऱ्याचं, पाण्याचं, चर काढण्याचं. मग कागदपत्रं. चार मेमो व्यवस्थित, सहाव्यावर आरआर. तिसऱ्यावर ‘एबी’ नेमका कुठे, तर माती परीक्षणात. साहेबांनी वही आणि मेमो शेजारी शेजारी ठेवले आणि बराच वेळ बघत राहिले. पंधरा दिवसांत सुधारित मेमो आणा, आम्ही थांबतो, म्हणाले. ते थांबले. पंधराऐवजी वीस दिवस थांबले. तुम्ही नाही हललात. जागा दुसऱ्या मुलाला गेली.

येताना गाडीत ती एवढंच बोलली, “मामा, मी रोज गेले होते ना हो?” जी गोष्ट तिला पक्की माहीत होती, ती ती मला विचारत होती. तुमचा कागद माणसाला स्वतःच्या आठवणीवर शंका घ्यायला लावतो, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं. या पत्रात ज्याबद्दल मला तुमचा सगळ्यात जास्त राग आहे ते हे आहे. नोकरी दुसरी मिळेल.

त्यानंतर मी माहितीचा अधिकार वापरला. अर्जावर दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावलं, तीस दिवस वाट पाहिली. दोन कागद मागितले होते: कॉलेजने पाठवलेला गुणांचा मूळ तक्ता आणि संगणकात नोंद कुणी केली त्याचं नाव. पहिला कागद आला. त्यात ४६ पुढे ‘अनु.’ आणि ४७ पुढे १९ लख्ख दिसत होतं, शिक्षकाच्या अक्षरात. म्हणजे शिक्षकाची चूक नव्हती, मुलीची तर नव्हतीच. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात होतं. नोंदी करणाऱ्या सर्वांसाठी त्या काळात एकच लॉगिन वापरलं जात असल्याने व्यक्तीचं नाव सांगता येत नाही.

तुमच्या पाठीशी कुणी साहेब नाही, संघटना नाही. तुमच्या पाठीशी ती पिवळी चिठ्ठी आहे. एका लॉगिनने सहा जण बसतात, म्हणून चूक सहांपैकी कुणाचीच नाही. भाचीला मात्र साधं बोनाफाईड काढायचं तर पीआरएन नंबर, आधार, फोटो, सही, वडिलांची सही आणि मोबाईलवर आलेला ओटीपी लागतो. तिची प्रत्येक हालचाल तिच्या नावावर नोंदलेली आहे. तुमची एकही नाही.

आता माझी चूक सांगतो. बरीच वर्षं झाली. अंतर्गत गुणांची यादी देताना माझ्याकडून एका मुलाचा आकडा राहिला. त्याचा निकाल अडकला. एका रविवारी तो औशाहून सायकलवर माझ्या घरी आला, घामाने निथळत. मी दारातच म्हणालो, “उद्या कॉलेजला ये, बघू.” बायकोने त्याला आत बोलावलं, पाणी दिलं आणि माझ्याकडे न बघता विचारलं, “चूक कुणाची आहे?” मी म्हणालो, माझी. “मग उद्या तो कशाला येतो? तुम्ही जा ना.” दुसऱ्या दिवशी मी स्वतः पत्र लिहून, प्राचार्यांची सही घेऊन परीक्षा विभागात गेलो आणि आकडा भरून घेतला. मला एक दिवस लागला. तोच मुलगा गेला असता तर त्याला किती लागले असते ते दाजींच्या डायरीत लिहिलेलं आहे. कारण तो दारातून विचारतो, मी आत जाऊन विचारतो. दाराच्या आतल्या माणसाला तीच चूक एका दिवसाची असते.

चूक ज्याची, हेलपाटा त्याचा. कायद्याच्या पुस्तकात बायकोचं हे वाक्य मला सापडलं नाही, पण त्याच्या आसपासचं बरंच सापडलं. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम २०१६ सांगतो की परीक्षा संपल्यापासून ३० दिवसांत निकाल लावायचा प्रयत्न करा, आणि काही झालं तरी ४५ दिवसांत लावा. विद्यापीठ अनुदान आयोगाचा २००८ चा नियम सांगतो की विद्यार्थी पात्र व्हायची तारीख धरून १८० दिवसांच्या आत पदवी द्या. राज्याचा २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा तर अधिसूचित सेवा वेळेत न देणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपयांपर्यंत दंड सांगतो. मुदती आहेत, दंड आहे, अपील आहे. पण या सगळ्यातून ‘राखीव’ हा शब्द तुम्हाला अलगद सोडवतो. निकाल लागलेला असतो, म्हणून ४५ दिवसांची मुदत पाळली गेली. एकीचा राखीव आहे, तर ती तिची व्यक्तिगत बाब. हजारांचा निकाल अडकला तर बातमी होते. २०१७ साली मुंबई विद्यापीठाने सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका घाईने संगणकावर तपासायला घेतल्या, निकाल महिनोन् महिने रखडले आणि २४ ऑक्टोबरला कुलपतींनी कुलगुरूंनाच पदावरून दूर केलं. तिथे जाब द्यायला एक नाव होतं. एका मुलीच्या दोन क्रेडिटसाठी जाब देणारं नाव नसतं.

हे पुढे वाढणार आहे, कमी होणार नाही, म्हणून मी एवढं लिहितोय. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे आपल्या राज्यात एका सत्राला २२ क्रेडिट, तीन वर्षांच्या पदवीला १३२, चार वर्षांच्या ऑनर्सला १७६. मुख्य विषय, दुय्यम विषय, कौशल्य, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञान प्रणाली, प्रत्यक्ष कामाचा अनुभव, समाजसहभाग. बरेचसे भाग दोन-दोन क्रेडिटचे. विषयांची ही मोकळीक मला मनापासून आवडते. अहमदपूरच्या पोरीला बी.एस्सी. करताना माती परीक्षण शिकता आलं ते अशाच मोकळिकीमुळे. पण दोन क्रेडिटचा प्रत्येक तुकडा म्हणजे कुणीतरी कुठेतरी टाकायचा एक आकडा. अंतर्गत वेगळा, लेखी वेगळा. माझ्या हिशेबाने सहा सत्रांत एका विद्यार्थ्यापुढे शंभराच्या घरात आकडे भरले जाणार. पूर्वीच्या वार्षिक परीक्षेत ते मोजके होते. ओळ सरकायच्या जागा कितीतरी पट वाढल्या, आणि भरणारे हात तेवढेच राहिले, तेही बऱ्याच ठिकाणी कंत्राटी आणि तासिका तत्त्वावरचे. तुमचा पगार वेळेवर होत नसेल, तुमच्यावर पाच जणांचं काम असेल, तर ते मांडायला मी तुमच्यासोबत येईन. पण ते मांडायलाही नाव लागतं.

जुलै २०२१ मध्ये क्रेडिटची बँक आली. तिच्या नियमात क्रेडिट जास्तीत जास्त सात वर्षं टिकतात, एका संस्थेतून दुसरीकडे नेता येतात. कल्पना चांगली आहे. मधेच शिक्षण सुटलेली मुलगी लग्नानंतर परत येऊन पदवी पूर्ण करू शकते. आमच्या भागात अशा मुली गावोगाव आहेत. पण या बँकेत खातं विद्यार्थ्याचं असलं तरी भरणा त्याला स्वतः करता येत नाही. क्रेडिट संस्थेनेच टाकायचे. ज्या बँकेत फक्त काउंटरच्या आतल्या माणसालाच पैसे भरता येतात, तिथे त्या माणसाने पावतीवर सही तरी करायला नको का?

आमच्या भागात पदवी हा शब्द हलका नाही. माझ्या वडिलांनी निजामाच्या राज्यात उर्दूतून मॅट्रिक केलं. पदवी घ्यायची तर हैदराबादला जायला लागायचं, ते काही जमलं नाही. मॅट्रिकचा तो कागद त्यांनी पत्र्याच्या पेटीत, मलमलच्या कापडात गुंडाळून मरेपर्यंत जपला. २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं. १७ सप्टेंबर १९९४ ला, मुक्तिसंग्रामाच्या दिवशी, नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोलीकडच्या पोरांसाठी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ झालं आणि त्याला स्वामी रामानंद तीर्थांचं नाव दिलं गेलं. दर वेळी मागणी एकच होती: शिक्षण घराजवळ आणा. हैदराबादहून औरंगाबाद, औरंगाबादहून नांदेड, लोकांनी मागून, भांडून पदवी जवळ आणली. अकरा हेलपाट्यांनी ती पुन्हा तेवढीच लांब जाते.

शेवटी दुरुस्ती झाली, हेही तुम्हाला माहीत नसेल. एक पत्र आलं, चार ओळींचं. ‘उपरोक्त विषयान्वये सदर विद्यार्थिनीस अंतर्गत मूल्यमापनात १९ गुण देण्यात येत आहेत.’ देण्यात येत आहेत, जणू दान आहे. ते १९ तिचेच होते, तुमच्याकडे राहिले होते. चूक झाली असं त्यात कुठे नाही. कुणाकडून झाली, नाही. क्षमस्व, नाही. खाली अधिकाऱ्याच्या पदाचा शिक्का, आणि शिक्क्यावर वेलांटीसारखी एक सही, तिच्या आधी लिहिलेलं ‘करिता’. म्हणजे सही करणाराही दुसऱ्यासाठी सही करत होता.

४६ नंबरच्या मुलाचे १९ तसेच आहेत. तो पहिल्या वर्षानंतर कधी फारसा आलाच नाही, पुण्याला कंपनीत लागला. त्याचे गुण काढून घ्या असं मी म्हणत नाही. पण तुमचा संगणक अजून म्हणतो की तो हजर होता, आणि ते पाहायला कुणी गेलेलं नाही.

तर मागणं एवढंच आहे. प्रत्येकाला वेगळं लॉगिन घ्या, नसेल देत तर लेखी मागा आणि त्या अर्जाची प्रत जपून ठेवा. ज्याच्यापुढे ‘एबी’ टाकाल त्याच्या मोबाईलवर त्याच दिवशी संदेश जाऊ द्या. फी राहिली की तो जातोच. विद्यार्थ्याने हरकत घेतली तर मूळ तक्ता काढून आणायला तुम्ही उठा, त्याला घरी जाऊ द्या.

भाचीचा सुधारित मेमो गेल्या आठवड्यात पोस्टाने आला. तिने तो पाहिला, घडी न घालता वहीत ठेवला आणि बापासोबत शेताकडे गेली. पाऊस उघडला होता आणि तुरीत पाणी साचलं होतं. वहीतल्या दुसऱ्या पानाची प्रत सोबत जोडतो आहे, आठ फुल्यांची. तारीख आणि लाल सही नीट बघा.

उत्तर पाठवायचं असेल तर तुमच्या नावाने पाठवा. ‘करिता’ सही मी घेणार नाही.

तिचा मामा,
लातूर